वहीत न लिहिलेला चमचा

तात्या, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच वयानं मोठी झाले आहे. भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही मला हल्ली धाकट्या भावासारखे दिसता, म्हणून जरा धीर करून लिहायला बसले. तुमच्यासमोर उभं राहून चार वाक्यं सलग बोलायची माझी कधी छाती झाली नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या गुरुजींना घेऊन नगरच्या दवाखान्यात गेले होते. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. गुरुजींनाही तुमचाच आजार, कंपवात. तिथं त्यांना मधोमध खुर्चीवर बसवलं होतं आणि टेबलाभोवती चौघं होते. एक डॉक्टर, एक व्यायाम शिकवणारी मुलगी, एक गिळण्या-बोलण्याचं बघणारी आणि एक खाण्यापिण्याचं बघणारा. चौघं आधी एकमेकांना विचारत होते, मग गुरुजींना. डॉक्टर मला कौतुकानं म्हणाले, ‘आजी, या आजारात आम्ही आता टीम म्हणून काम करतो.’ मी हसले. आमच्या पुणतांब्यात पन्नास वर्षांपूर्वी अशीच टीम होती आणि तिच्यात एक लबाड बाई होती, ती मीच, हे त्या भल्या माणसाला कुठं सांगत बसू? येताना एसटीत गुरुजींना झोप लागली आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला लागले.

तो काळ आठवला की मला आधी उजेड आठवतो. एकाहत्तर-बहात्तरची सालं, पावसानं पाठ फिरवलेली, गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. सकाळी घराच्या मागं उभं राहिलं की रेल्वेचे रूळ दूरवर जाऊन हवेत विरघळायचे, आणि त्या विरघळलेल्या जागेतून तुम्ही चालत यायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, काखेत लाल आणि हिरवं निशाण. तुम्ही कीमन होतात. रोज आपला टप्पा पायी तुडवायचा, रुळाला घट्ट धरून ठेवणारी एखादी चावी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, एवढंच काम. पण तुमच्या त्या ठोक्यांवर आख्ख्या गाड्या विश्वासानं धावायच्या. मी लहानपणी आवाजावरून सांगायची, आज तात्या पुलापाशी पोचले, आज फाटकापाशी. आता डोळे मिटले की तो आवाज येतो, पण तुमचं तोंड त्यात स्पष्ट दिसत नाही, नुसती चाल दिसते. रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर, लांब ढांगा टाकत येणारी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, गावातल्याच शाळेत मास्तरीण, आणि सासर सोडून आलेली. त्या घरात माझ्याआधीच एक बाई नांदत होती हे कळल्यावर मी ट्रंक उचलली आणि पॅसेंजरनं परत आले. तुम्ही स्टेशनवरच होता. म्हणालात, ‘आलीस? बस, पाणी पी.’ त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोललात ते कामापुरतं. रागावला असतात तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. तुमचं गप्प राहणं मात्र घरातल्या खांबासारखं, त्याला वळसा घालून जायचं. आई म्हणायची, ‘त्यांच्या पोटात लई माया हाय गं, तोंडातून येत न्हाई.’ मी म्हणायची, पोटातली माया मला काय एक्स-रे काढून बघायचीय?

मग तुमचा उजवा हात कापायला लागला. हातोडा धरला की थांबायचा, रिकामा असला की पुन्हा सुरू. पुढं चेहरा लाकडासारखा झाला, आवाज खाली गेला, आणि एके दिवशी उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले ते सुटेचनात. ड्यूटी बंद झाली, आजारपणाची रजा लागली. नगरच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तुम्हाला चालवून, बोटं मोडून, सही करायला लावून पाहिलं. परदेशातून नवीनच औषध निघालंय, मुंबईहून मागवतो म्हणाले. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘सायेब, हात कापतोय तर कापू द्या. पाय तेवढे चालू ऱ्हाऊ द्या. मला कुनी उचलून न्यायला नको.’ तुम्ही कुणाकडं काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकलं.  डॉक्टर म्हणाले, ‘हे एकट्या डॉक्टरचं काम नाही. चार माणसं लागतील, आणि चौघांनी एकमेकांना सगळं सांगायचं. मला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नको.’

चार माणसं आपोआप जमली. आईकडं जेवण आणि कॅप्सूलच्या वेळा. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा ती गाड्यांवर चालायची. सकाळची पॅसेंजर गेली की एक, दुपारची मालगाडी गेली की दुसरी. गाडी लेट असली की तुमचं औषधही लेट. दुसरे मागच्या गल्लीतले पैलवानचाचा. एके काळी जत्रेतली कुस्ती मारलेला माणूस, आता गावात कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा निखळला की यांना बोलावणं जायचं. ते रोज सकाळी तिळाच्या तेलाची बाटली घेऊन यायचे, तुमचे ताठलेले दंड आणि पोटऱ्या चोळायचे आणि तुमच्याशी गप्पा मारायचे. म्हणजे ते बोलायचे, तुम्ही अधूनमधून ‘हूं’ करायचा. तिसरे रूळ दुरुस्त करणाऱ्या तुमच्या गँगचे मुकादम. आणि चौथी मी, वही लिहिणारी. कोण काय करतं, तुम्ही किती पावलं चाललात, कधी अडकलात, काय खाल्लंत, सगळं तारीखवार. शाळेतलं सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. दर महिन्याला पॅसेंजरनं नगरला जायचं आणि ती वही डॉक्टरांपुढं ठेवायची.

मुकादमांनी जे केलं ते अजून मला स्वप्नात दिसतं. तिसरा प्रहर आहे. तुम्ही उंबऱ्याशी अडकून उभे आहात, आई मागून ढकलतेय, मी पुढून ओढतेय, आणि तुमचे पाय जागच्या जागी थरथरताहेत. मुकादम दारात येऊन बघत राहतात आणि म्हणतात, ‘आवो, त्यो घरात अडकतोय. लायनीवर न्हाई अडकायचा.’ तुम्हाला दोन्हीकडून धरून आम्ही मालधक्क्यामागच्या जुन्या लाईनवर नेलं. तिच्यावर गाडी येत नव्हती, स्लीपरांमधून वाळकं गवत उगवलं होतं. तिथं उभं केल्यावर तुम्ही खाली पाहिलंत. उजवा पाय उचलला गेला आणि पुढच्या स्लीपरवर पडला. मग डावा. मग आमचे हात सुटले आणि तुम्ही चालायला लागलात, ताठ, लांब ढांगांनी, जसे रोज कामावर जायचा तसे. आई मटकन खाली बसली. ऊन उतरत होतं, रूळ सोनेरी झाले होते, आणि तुम्ही आमच्यापासून लांब लांब जात होता. मुकादम ओरडले, ‘कीमन, आता फिरा मागं, दौंड लई लांब हाय!’ दुसऱ्या दिवशी आम्ही घरात आणि अंगणात चुन्याचे पट्टे ओढले, एका स्लीपरपासून दुसऱ्याचं अंतर मुकादमांनीच मोजून दिलं. डॉक्टरांनी वहीतलं ते पान दोनदा वाचलं आणि मुकादमांना नमस्कार सांगा म्हणाले.

मग मुंबईहून आलेल्या त्या कॅप्सूल लागू पडल्या. पहिले काही दिवस मळमळलं, नंतर एका सकाळी तुम्ही आपल्या हातानं भाकरी मोडलीत. महिन्याभरात पट्ट्यांशिवाय चुलीपर्यंत जायला लागलात. घरात सण असल्यासारखं वाटायचं. आई येईल त्याला सांगायची, पैलवानचाचा मिशीला तेलाचा हात लावून हसायचे. आणि मी? मी वही लिहीत होते. आई रांधायची, चाचा चोळायचे, मुकादम चालवायचे, आणि मी नुसती त्यांचं कौतुक सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. मला हेवा वाटायचा तात्या, स्वतःच्या आईचा आणि दोन म्हाताऱ्या माणसांचा. अशात शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या सासऱ्यांना एका टॉनिकनं फार तरतरी आली, नसांना ताकद येते. मी कोपरगावला गेले आणि औषधाच्या दुकानातून ती बाटली घेऊन आले. तपकिरी, गोड, वासाला जराशी उग्र. सकाळी आई विहिरीच्या रांगेत असायची, तेवढ्यात मी पेल्यात दोन चमचे ओतून त्यात पाणी घालायची आणि तुमच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘काय हाय ह्ये?’ मी म्हटलं, ‘ताकदीचं.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं.’ मी परत आल्यापासूनचं आपलं ते सगळ्यात लांबलचक बोलणं होतं.

वहीत मी ते लिहिलं नाही. टॉनिक म्हणजे काही औषध नव्हे, असं मनाला सांगितलं. गावात कोण टॉनिकला औषध म्हणायचं? बाळंतिणीला देतात, परीक्षेच्या पोरांना देतात. खरी गोष्ट अशी की वहीत लिहिलं की ते चौघांचं झालं असतं, आणि मला ते एकटीचं हवं होतं.

पंधरा दिवसांत तुमचे पाय परत गेले. आधी वळताना अडखळलात, मग पट्ट्यांवरही पाय उचलेना. भाकरी मोडता येईना, कुशीवर वळता येईना. कॅप्सूल त्याच, वेळा त्याच, पॅसेंजरसुद्धा नेमक्या त्या दिवसांत वेळेवर येत होती. तुम्हाला खाटेवरून उठवायलाही कुणीतरी लागायचं. सकाळी मी पेला परत घेतला की तुम्ही उजवा हात पुढं करायचा आणि म्हणायचा, ‘धर गं.’ मी तो कापरा हात दोन्ही हातांत धरायची आणि आपण अंगणातल्या मोरीपर्यंत जायचो, दहा पावलांना पाव तास लावत. उन्हं नुकतीच भिंतीवर आलेली असायची. तुम्ही एकदा म्हणालात, ‘तुजा हात तुज्या आजीवानी हाय.’ एकदा विचारलंत, ‘शाळेत पोरं ऐकत्यात का तुजं?’ आणि एकदा, ‘त्या घरातून आलीस ते बरं केलंस.’ मोरीपर्यंतच्या त्या वाटेवर तुम्ही मला दोन वर्षांचं सगळं देऊन टाकलंत.

आईनं मात्र दोषी शोधून काढला होता. तिच्या मते चाचांनी मालिश करताना शीर दाबली. एका सकाळी तिनं त्यांना दारातच अडवलं. ‘भाऊ, उद्यापास्नं येऊ नका.’ चाचा बाटली हातात धरून उभे राहिले. म्हणाले, ‘भाभी, मी शीर न्हाई दाबली. माज्या हाताला कळतंय कुठं काय हाय ते.’ आई म्हणाली, ‘कळत असंल, पर ह्यांचे पाय गेले न्हवं?’ ते ओट्यावर थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि निघून गेले. मी वहीत लिहिलं, ‘मालिश बंद.’ गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? पैलवानानं कीमनला अधू केलं म्हणे. लोक कंबर धरली तरी शेकत बसायला लागले, पण त्यांना बोलावीनात.

नगरच्या फेरीत आईही सोबत होती. डॉक्टरांनी वही उलटसुलट चाळली. काही सापडेना. मला विचारलं, ‘याशिवाय पोटात काही जातं?’ मी म्हटलं, ‘नाही.’ इतकं सहज म्हटलं की मला वाटतं ते मलाही खरंच वाटलं. तेव्हा त्यांनी मला बाहेर बसवलं आणि आईला एकटीला आत घेऊन बारीकसारीक विचारलं. आई सांगत सुटली. झोप, भूक, शौच. आणि लघवी पिवळीजर्द होते, अगदी हळदीवानी, म्हणून अंगातली कडकी समजून ती तुम्हाला सब्जा भिजवून देत होती. डॉक्टर बाहेर आले आणि मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेले. ‘टॉनिक कोण देतं?’ एवढंच विचारलं. मी खाली पाहिलं. मग त्यांनी हलक्या आवाजात समजावलं, की लघवीचा तो रंग टॉनिकाचा, आणि त्या टॉनिकात एक जीवनसत्त्व असतं, ते या कॅप्सूलला डोक्यापर्यंत पोचूच देत नाही, वाटेतच संपवून टाकतं. ते रागावले नाहीत. ‘आज बंद करा, पंधरवड्यात पाय सुटतील. आणि घरी सगळ्यांना सांगा, म्हणजे कुणावर उगाच आळ येणार नाही.’ दुसऱ्या दिवशी मी ती बाटली परसात ओतून दिली. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

पाय सुटले. आई जिंकल्यासारखी म्हणाली, ‘बघ, मालिश बंद केली न् पाय मोकळे झाले.’ चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर शेजारी बसून ज्वारी निवडत होता. रोज वाटायचं आज सांगू. मग तुमच्याकडं बघायची आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागायची. मोरीच्या वाटेवर मला जे मिळालं होतं ते तुम्ही परत मागून घ्याल, अशी भीती वाटायची.

मग तो रविवार. सकाळची पॅसेंजर गेलेली, तुमची कॅप्सूल झालेली. तुम्ही एकटे उठलात, टोपी घातलीत आणि उंबरा ओलांडलात. मला वाटलं, मालधक्क्याकडं निघाले असतील. तुम्ही वळलात मागच्या गल्लीकडं. तिथं ना स्लीपर, ना चुन्याचा पट्टा, नुसती धूळ. मी मागोमाग निघाले. तीन ठिकाणी तुमचे पाय अडकले, तिन्ही वेळा मी माझं पाऊल तुमच्या पावलापुढं आडवं ठेवलं आणि तुम्ही ते ओलांडून पुढं गेलात. धरायला हात मागितला नाहीत. चाचा दारात दोरी वळत बसले होते. तुम्ही म्हणालात, ‘चल. तेल घे.’ ते म्हणाले, ‘भाभी काय म्हनतील?’ तुम्ही म्हणालात, ‘तिला मी सांगतो.’ आणि घरी येऊन आईपुढं उभे राहिलात. त्या पडलेल्या आवाजातही प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. ‘शीर-बीर काय दबली न्हवती. पोटात काय तरी चुकीचं गेल्तं. आता बंद झालंय.’ आईनं विचारलं, काय गेलं होतं? तुम्ही खाटेवर पालथे झालात आणि चाचांना म्हणालात, ‘डाव्या पोटरीला जरा जोर लाव.’ माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. ढिली चावी कुठली ते तुम्हाला कधी कळलं, पेला बंद झाला त्या दिवशी की त्याच्याही आधी, हे मी विचारलं नाही. चाचांची मात्र मी त्यांच्या हयातीत माफी मागितली नाही, ती नाहीच.

त्यानंतर पाच-सहा वर्षं तुम्ही चाललात. शेवटी उचलून न्यावंच लागलं, पण ते सगळ्यांनाच लागतं. गुरुजींच्या डॉक्टरांना मी परवा मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, आता त्या गोळीत असं काही मिसळलेलं असतं की टॉनिकनं काही बिघडत नाही. म्हणजे आजची एखादी मुलगी माझ्यासारखीच वागली तर तिच्या बापाचे पाय जाणार नाहीत. ऐकून बरं वाटलं आणि रडूही आलं, दवाखान्यातच.

हे पत्र मी ठेवून देणार आहे. कुठं टाकणार? पण ज्यासाठी लिहायला बसले ते मघाशी मी चुकवून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी बाटली ओतून दिली असं लिहिलं, तसं झालं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावरसुद्धा मी तुम्हाला ते आणखी चार दिवस दिलं. माहीत असताना. तुमचे पाय सुटले की ‘धर गं’ म्हणणं थांबणार होतं, आणि मला अजून थोडे दिवस ते हवं होतं. चार सकाळी तुम्ही पेला घेतलात, प्यायलात आणि हात पुढं केलात. पाचव्या दिवशी तुम्ही पेल्याची वाटच पाहिली नाहीत, उठल्या उठल्या हात पुढं केलात. मला तो धरवेना. मग जाऊन मी बाटली ओतली.